उत्तर ऑन्टारिओत तळ्याकाठी फुकट मुक्काम : क्राऊन लँड, गरी आणि मागे राहणारा कचरा

शेवरी | २२ मे

कॅनडातल्या व्हिक्टोरिया डेच्या जोडसुट्टीत आम्ही चौघं उत्तरेला गेलो होतो. डांबरी रस्ता सुटल्यावर ४२ किलोमीटर लाकूडतोडीचा कच्चा रस्ता, मग कनू (वल्ह्याची हलकी, अरुंद होडी) खांद्यावर घेऊन ७०० मीटर चाल, आणि मग ते तळं. नऊ वर्षं तिथे जातेय. काठाला एक सपाट खडक आहे, त्याच्या मागे आम्ही दरवर्षी तंबू ठोकतो. यंदा तिथे आमच्या आधी कुणीतरी राहून गेलं होतं. अर्धवट जळालेला ॲल्युमिनियमचा कागद, बाटल्या, अंगावरची साल ओरबाडलेला जिवंत बर्च, आणि झुडपात अडकलेली फरसाणाची रिकामी पिशवी. पिशवीवर देवनागरी अक्षरं होती.

टाकणारा मराठी होता की हिंदी, मला माहीत नाही. पण ती अक्षरं तिथे वाचताना पोटात खड्डा पडला. दोन मोठ्या पिशव्या भरल्या आणि परतताना त्याच ७०० मीटर वाटेवरून पाठीवर आणल्या. गाडीत सगळे गप्प होतो. घरी येऊन ठरवलं की रागावून उपयोग नाही, लिहायला हवं. आपली माणसं आता उत्तरेला जाऊ लागली आहेत आणि त्यांनी जावं असं मला मनापासून वाटतं. देवगडच्या खाडीत आजोबांशेजारी बसून मी गरवायला शिकले. बोटावर दोरा धरायचा, मासा आमिषाला तोंड लावतो ते डोळ्यांआधी बोटाला कळतं. इथे आल्यावर पहिली चार वर्षं तो दोरा सुटला होता. तो परत हाती आला तो या तळ्यांमुळे.

आता माहिती. ऑन्टारिओची जवळजवळ ८७ टक्के जमीन क्राऊन लँड आहे, म्हणजे प्रांत सरकारच्या ताब्यातली सार्वजनिक जमीन, आणि तिचा ९५ टक्के भाग उत्तरेत आहे. कॅनडाच्या रहिवाशाला तिथे फुकट राहता येतं. एका जागेवर वर्षभरात जास्तीत जास्त २१ दिवस. आरक्षण नाही, फाटक नाही, पावती नाही. अल्गॉन्क्विनसारख्या प्रांतिक उद्यानात पाच महिने आधी जागा धरण्यासाठी सकाळी सातला संगणकासमोर बसावं लागतं, पैसेही भरावे लागतात. इथे तसं काही नाही. आणि त्याच कारणाने इथे शौचालय नाही, कचराकुंडी नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही आणि रात्री फेरी मारणारा रखवालदार नाही. जे काही करायचं ते आपणच.

प्रत्येक मोकळी दिसणारी जागा क्राऊन लँड नसते. प्रांत सरकारचा ‘क्राऊन लँड यूज पॉलिसी ॲटलास’ नावाचा नकाशा संगणकावर मोफत बघता येतो. त्यात प्रांतिक उद्यानं, राखीव क्षेत्रं आणि सर्वसाधारण वापराची जमीन वेगवेगळी दाखवलेली असते. खासगी तुकडे मधेमधे असतात, विशेषतः रस्ता थेट जातो त्या तळ्यांच्या काठाला. मी आधी तळं निवडते, मग तिथली जमीन कुणाची ते तपासते, मग उपग्रहाच्या छायाचित्रात सपाट जागा शोधते. तळ्यात कोणते मासे आहेत ते ‘फिश ऑनलाइन’ या सरकारी नकाशावर कळतं. जागेवर पोचल्यावर ‘मुक्कामास मनाई’ची पाटी दिसली तर वाद नाही, पुढे जायचं.

जमीन फुकट आहे, मासे नाहीत. १८ ते ६४ वयाच्या रहिवाशाला आउटडोअर्स कार्ड (शिकार-मासेमारीसाठीचं सरकारी ओळखपत्र) आणि मासेमारीचा परवाना लागतो. परवाना दोन प्रकारचा. ‘स्पोर्ट’वर बहुतेक विभागांत चार पिकरेल ठेवता येतात, ‘कॉन्झर्व्हेशन’वर दोन. पिकरेल म्हणजे अमेरिकेत ज्याला वॉलआय म्हणतात तो मासा. मी इतकी वर्षं दोनवालाच घेते. चौघांच्या जेवणाला पुरतं आणि परवाना स्वस्त पडतो. प्रांताचे २० विभाग आहेत, प्रत्येकाचे हंगाम, संख्या आणि लांबीचे नियम वेगळे, शिवाय काही तळ्यांना स्वतःचे अपवाद. गेल्या वर्षीचं पाठ असलेलं चालत नाही, दर वर्षी नवीन वाचायचं.

रस्त्याबद्दल एकच सांगते. लाकूड वाहणारे ट्रक त्या रस्त्यांचे मालक असल्यासारखे येतात आणि त्यांना थांबायला बरंच अंतर लागतं. वळणावर उजवी बाजू सोडू नका, दिवसाही दिवे लावा. मोऱ्या वाहून गेलेल्या असतात, नकाशात रस्ता असतो आणि प्रत्यक्षात ओढा. पूर्ण चाक असलेली स्टेपनी, अर्धी टाकी शिल्लक असतानाच परतीचा हिशेब, आणि घरी कुणाला तरी ‘अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर इथे शोधा’ असं लिहून दिलेला कागद. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आम्ही तिसऱ्या वर्षी घेतलं. पहिल्या दोन वर्षी घ्यायला हवं होतं.

विचारा, जमेल तसं सांगते.

रानजाई | २२ मे

बर्चची साल वाचून वाईट वाटलं. शेकोटी पेटवायला म्हणून काढतात. खाली पडलेल्या मेलेल्या झाडाची साल तितकीच चांगली पेटते. जिवंत झाडाची काढली की तो काळा पट्टा झाड असेतो राहतो.

गोदाकाठ | २३ मे

शेवरीताई, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. माझे आईबाबा जुलैत नाशिकहून येताहेत, तीन महिन्यांसाठी. बाबा ७१ वर्षांचे आहेत. गंगापूर धरणाच्या काठी लहानपणी गळ टाकायचे, अजून त्याबद्दल बोलतात. त्यांना घेऊन क्राऊन लँडवर राहता येईल का? ६५ च्या वर परवाना लागत नाही असं ऐकलंय.

शेवरी | २३ मे

गोदाकाठ, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हीत लोक चुकतात.

मुक्काम : फ्रेंच आणि मॅटावा या नद्यांच्या उत्तरेला अनिवासी माणसाला क्राऊन लँडवर राहायला परवाना लागतो. माणशी एका रात्रीचे साधारण दहा डॉलर. निवासी कोण, तर कॅनडाचा नागरिक किंवा मागच्या १२ महिन्यांपैकी किमान सात महिने इथे राहिलेला. म्हणजे तुमच्या आईबाबांना लागेल. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांनाही सात महिने होईपर्यंत लागेल, हे त्यांना कुणी सांगत नाही. नद्यांच्या दक्षिणेला हा परवाना नाही, पण तिकडे क्राऊन लँडच थोडी आणि तुकड्यातुकड्यांत आहे.

मासेमारी : ६५ नंतरची सूट कॅनडात राहणाऱ्यांसाठी आहे. पाहुण्याला वय कितीही असो, परवाना हवा. एक दिवसाचा मिळतो, आठ दिवसांचाही मिळतो. एक दिवसाच्याला आउटडोअर्स कार्ड लागत नाही. आणि फादर्स डेच्या शनिवार-रविवारी विनापरवाना मासेमारीची मुभा असते तीसुद्धा कॅनडाच्या रहिवाशांनाच. तुमच्यासोबत १८ खालचं पाहुणं मूल असेल तर ते तुमच्या परवान्यावर गळ टाकू शकतं, पण त्याचा मासा तुमच्या संख्येत धरला जातो.

७१ वर्षांच्या माणसाला पहिल्याच खेपेला कनू खांद्यावरच्या वाटेने नेऊ नका. गाडी थेट काठापर्यंत जाईल असं तळं घ्या. आणि जुलैचा शेवट किंवा ऑगस्ट. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत ब्लॅकफ्लाय नावाच्या बारीक माशा असतात. डासासारखी ती सोंड खुपसत नाही, चावून कातडं फाडते. कानामागून रक्त येतं आणि माणसाला कळत नाही. मागच्या आठवड्यात आम्ही जेवताना तोंडावरची जाळी खाली-वर करत घास घेत होतो.

पावशा | २४ मे

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पण तळ्याचं नाव लिहिलं नाहीत. ऑन्टारिओत अडीच लाख तळी आहेत म्हणतात, नवख्याने सुरुवात कुठून करायची? निदान एक नाव सांगा.

शेवरी | २४ मे

पावशा, नाव नाही सांगणार. त्या तळ्यात लेक ट्राउट आहे, मूळचा, कुणी आणून न सोडलेला. थंड खोल पाण्यातला हा मासा फार सावकाश वाढतो. पहिल्यांदा अंडी घालायलाच त्याला सहा ते दहा वर्षं लागतात, आणि वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. लहान तळ्यात मोठे मासे मोजकेच असतात. दोन उन्हाळे जोरात गर्दी झाली तर ते तळं माझ्या मुलीच्या हयातीत परत तसं होणार नाही. एकदा इथे नाव लिहिलं की ते कायमचं शोधात सापडत राहतं.

खडपी | २५ मे

शेवरीताई, तुमची कळकळ कळते, पण या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूचा नाही.

मी २०११ ला आलो. कारखान्यात रात्रपाळी करायचो. सोबतचे लोक सोमवारी आपल्या तळ्याच्या गोष्टी सांगायचे, आणि नाव विचारलं की हसून विषय बदलायचे. ज्यांच्या आजोबांनी काठावर लाकडी घर बांधलं होतं त्यांना सगळी तळी माहीत होती. आमच्यासारख्यांना हायवेलगतची गर्दीची तळी, तीही अर्धी रिकामी झालेली. सहा वर्षं मी तिथेच गळ टाकत होतो. सार्वजनिक जमीन सगळ्यांची म्हणायचं आणि तिथे पोचायची वाट आपल्या माणसांतच ठेवायची, हे मला पटत नाही. कचरा करणारा माणूस नाव न सांगितल्यामुळे थांबला का? तो तुमच्या तळ्यावर पोचलाच.

शेवरी | २६ मे

खडपी, काल रात्री हे दोनदा वाचलं. तुमची सहा वर्षं मला माहीत असल्यासारखी वाटली, कारण माझी चार तशीच गेली. मलाही पहिलं तळं एका शेजाऱ्याने दाखवलं म्हणून मिळालं.

तर माझं म्हणणं थोडं बदलून सांगते. प्रांत सरकार दरवर्षी शेकडो तळ्यांत मत्स्यबीज सोडतं आणि ती यादी ‘फिश ऑनलाइन’वर उघड असते. त्या तळ्यांची नावं खुशाल सांगावीत. त्यातही ‘स्प्लेक’ सोडलेली तळी नवख्यांसाठी सर्वांत चांगली. लेक ट्राउटची मादी आणि ब्रूक ट्राउटचा नर यांचा हा संकर. तो तळ्यात स्वतःची वीण फारशी वाढवत नाही, खाण्यासाठीच सोडलेला असतो, भराभर वाढतो आणि जेवायला चविष्ट. तो नेलात तर तळ्याचं काही बिघडत नाही.

भाग म्हणाल तर थेसालॉनहून चॅपलोला जाणारा हायवे १२९ बघा. मिसिसागी नदीच्या कडेने जातो, आजूबाजूला तळीच तळी. टोरांटोहून ६०० किलोमीटरच्या पुढे, त्यामुळे तीन दिवस असल्याशिवाय निघू नका. किंवा सडबरीहून टिमिन्सकडे जाणारा हायवे १४४. तिथून फुटणाऱ्या कच्च्या वाटांवर स्प्लेकची तळी शोधा. एवढं केलंत तर स्वतःचं तळं स्वतः सापडेल, आणि ते सापडण्यात जो आनंद आहे तो मी कुणाकडून काढून घेऊ इच्छित नाही.

मूळ लेक ट्राउटच्या छोट्या तळ्याचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. पण सप्टेंबरमध्ये आम्ही दोन कनू घेऊन जाणार आहोत, दोन कुटुंबांना जागा आहे. खडपी, तुम्ही याल का?

खडपी | २६ मे

येईन. कनू माझी स्वतःची आहे.

यावरून आठवलं. टेमॅगामीच्या बाजूला ऑरोरा ट्राउट नावाचा मासा आहे, ब्रूक ट्राउटचाच रंगाने वेगळा प्रकार, अंगावर ठिपके जवळजवळ नाहीत. जगात मूळचा फक्त दोन तळ्यांत होता, व्हर्लिगिग आणि व्हाइटपाइन. सडबरीच्या निकेलच्या भट्ट्यांमधून निघणाऱ्या गंधकाने भोवतालची हजारो तळी आंबट झाली आणि १९६० च्या दशकात तो दोन्ही तळ्यांतून नाहीसा झाला. त्याआधी काही मासे उचलून सरकारी मत्स्यबीज केंद्रात वाढवले होते म्हणून वंश टिकला. पुढे भट्ट्यांचा धूर कमी झाला, पाण्यात चुना टाकला आणि १९९० च्या दशकात तो आपल्या तळ्यात परत गेला. आता दुसऱ्या काही तळ्यांतही सोडतात. ती तळी तीन वर्षांतून एकदा, तीही थोडे दिवस उघडतात. मी एकदा गेलो होतो. मासा लागला नाही. पण त्या पाण्याच्या कडेला बसून आलो याचं समाधान आहे.

कॅलगरीतला_वाटसरू | २८ मे

अल्बर्टातून. आमच्याकडेही रॉकीच्या पूर्व उतारावर सार्वजनिक जमिनीवर फुकट राहता यायचं. करोनाच्या काळात गर्दी उसळली, कचरा आणि विष्ठेचे ढीग झाले, आणि जून २०२१ पासून पास सुरू झाला. माणशी वर्षाला ३० डॉलर, तीन दिवसांना २०. पैशाचं दुःख नाही, पण आधी जी मोकळीक होती तिची सवय असलेल्यांना चुटपुट लागते. ऑन्टारिओवाल्यांनी तुमच्याकडचं जपा.

लाल_माती | ३० मे

शेकोटीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण यातली चूक माझी आहे आणि ती दुसऱ्या कुणाकडून होऊ नये.

२०१९ च्या ऑगस्टात आम्ही तीन मित्र सूचिपर्णी झाडांत राहिलो होतो. जमीन मऊ, पायाखाली गादीसारखी. ती माती नसते. सुया, शेवाळ, कुजलेल्या मुळ्या यांचा हातभर जाड थर असतो, त्याखाली खडक. आम्ही त्याच्यावर दगडांचं रिंगण केलं आणि शेकोटी पेटवली. झोपताना दोन बादल्या पाणी ओतलं, वाफ आली, काळं झालं, विझली असं समजलो. पहाटे पाचला मला जळक्या वासाने जाग आली. शेकोटी थंड होती, पण तिच्यापासून दीडेक मीटरवर, तंबूच्या दोरीजवळ, जमिनीतून धूर येत होता. विस्तव मुळीच्या आतून आतून सरकत तिथपर्यंत गेला होता. आम्ही तिघं तीन तास पाणी आणत होतो. फावडं नव्हतं, पळीने खणलं. हातांना फोड आले. वारा नव्हता म्हणून मी आज हे लिहितोय.

तेव्हापासून शेकोटी फक्त उघड्या खडकावर, पाण्याजवळ, अगदी छोटी. विझवताना पाणी, ढवळणं, परत पाणी, परत ढवळणं, आणि शेवटी राखेत उघडा हात घालायचा. हाताला ऊब लागली तर विझलेली नाही. फावडं गाडीत नाही, तंबूशेजारी.

१ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर हा वणव्याचा हंगाम धरतात. कोरड पडली की सरकार ‘रिस्ट्रिक्टेड फायर झोन’ जाहीर करतं. मग शेकोटी पूर्ण बंद, फक्त गॅसची शेगडी. निघायच्या दिवशी सकाळी नकाशा बघा, आदल्या आठवड्यातला नको. फ्रेंच आणि मॅटावाच्या उत्तरेला वणवा दिसला तर ३१०-३४७३, दक्षिणेला ९११. आणि जळाऊ लाकूड टोरांटोहून नेऊ नका. ॲश झाडं मारणारा हिरवा भुंगा अशाच ओंडक्यांतून प्रवास करतो.

रानजाई | ३० मे

अंगावर काटा आला. हे पहिल्या पानावर असायला हवं.

मुठाकाठ | १ जून

पुण्याहून वाचतोय. असं आपल्याकडे करता येईल का? पवना, भंडारदरा, कोयनेच्या फुगवट्याजवळ?

खडपी | १ जून

मुठाकाठ, थेट असं नाही. आपल्याकडची बहुतेक मोठी तळी म्हणजे धरणांचे जलाशय. पाणी जलसंपदा खात्याचं, आणि मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे. तो मासा त्यांच्या पोटाचा आहे, तेव्हा विचारल्याशिवाय गळ टाकू नये. पवनेच्या काठचे तंबू खासगी जमिनीवर पैसे घेऊन लावलेले असतात. वनखात्याच्या हद्दीत परवानगी लागते. स्थानिक संस्थेच्या माणसाला भेटून, पैसे देऊन, त्याच्या होडीतून गेलात तर मात्र कॅनडात मिळणार नाही असं काही शिकाल. लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास केली आहे, तो इतिहास जरूर वाचा.

आजची_वही | ४ जून

एक गोष्ट नोंदवते. ज्याला आपण इथे ‘फुकट जमीन’ म्हणतोय, ती कुणाचीतरी होती आणि आहे.

ह्यूरॉन सरोवराच्या उत्तरेचा हा बराचसा भाग १८५० च्या रॉबिन्सन-ह्यूरॉन करारात येतो. सू सेंट मरी इथे अनिशिनाबे या मूळ रहिवाशांच्या प्रमुखांनी आणि ब्रिटिश राजसत्तेने तो केला. मूळ रहिवाशांना शिकार आणि मासेमारीचा हक्क राहील, दरवर्षी काही रक्कम मिळेल, आणि जमिनीचं उत्पन्न वाढलं तर ती रक्कमही वाढेल असं त्यात होतं. जंगल तोडलं गेलं, निकेल निघालं, उत्पन्न अफाट वाढलं. रक्कम १८७५ साली माणशी वर्षाला चार डॉलर झाली आणि तिथेच थांबली. दीडशे वर्षं चार डॉलर. २०२३ मध्ये १० अब्ज डॉलरची तडजोड झाली तेव्हा मागची थकबाकी मान्य झाली. २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की राजसत्तेने हा करार मोडला होता.

आपण खांद्यावर कनू घेऊन ज्या वाटांनी चालतो त्यातल्या कितीतरी वाटा त्यांच्या पावलांनी पडलेल्या आहेत. काठावर जाळी लावलेली दिसली, झोपडी दिसली, खडकावर तंबाखू ठेवलेली दिसली, तर हात लावू नका. जवळच्या फर्स्ट नेशनच्या, म्हणजे मूळ रहिवाशांच्या वस्तीतल्या, दुकानातून पेट्रोल आणि बर्फ घ्या. बोललात तर तळ्याबद्दल जे कळेल ते कुठल्या नकाशात नाही.

शेवरी | ४ जून

आजची_वही, हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. वर ‘कॅनडाच्या रहिवाशाला फुकट’ असं किती सहज लिहून गेले.

पावशा | ९ जून

बायको विचारतेय, शौचाचं काय? आणि अस्वल? दोन लहान मुलं आहेत.

रानजाई | ९ जून

पावशा, लाजायचं काही नाही, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पाण्यापासून किमान ६० मीटर लांब, म्हणजे मोठ्या माणसाची ऐंशी-नव्वद पावलं. हातभर फावड्याने १५ सेंटिमीटर खड्डा, नंतर माती लोटून बंद. कागद पिशवीत घालून परत आणायचा. मुलांना घरामागच्या अंगणात एकदा खेळ म्हणून शिकवा, तिथे गेल्यावर अडचण येत नाही. डायपर पुरायचे नाहीत, सगळे परत. भांडी आणि अंग धुण्याचं पाणीही तळ्यात नाही. साबण कितीही ‘निसर्गस्नेही’ लिहिलेला असो.

अस्वल : ऑन्टारिओत तपकिरी ग्रिझली नाही, काळं अस्वल आहे. ते आपल्याकडे येतं ते वासाने. खाणं, टूथपेस्ट, मुलांच्या खिशातली गोळी, माशाचा हात पुसलेला टॉवेल, काहीही तंबूत नको. सगळं एका पिशवीत घालून तंबूपासून लांब झाडाला, जमिनीपासून चार मीटर वर आणि खोडापासून दोन मीटर बाहेर टांगा. आपल्या फोडणीचा वास कपड्यांत बसतो, म्हणून स्वयंपाकाचे कपडेही त्याच पिशवीत. मासा साफ करायचा तो तंबूजवळ कधीच नाही.

आणि होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट. मेमध्ये पाणी इतकं गार असतं की पट्टीचा पोहणारासुद्धा काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही. मुलांना तर काठावर खेळतानाही घाला.

सुंगटा | १२ जून

गोव्याची मी, विनिपेगला असते. पिकरेल कसा करता ते लिहा ना कुणीतरी. मी तांदळाच्या पिठात रवा मिसळून, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून तळते. काटे कमी, मांस पांढरंशुभ्र, आमच्या मोडसो माशाची आठवण येते. कोकम घरून डबीत नेते, लिंबू तिथे सुकतं.

शेवरी | १२ जून

सुंगटा, अगदी हाच प्रकार. फक्त तळायच्या तेलाला गाळून बाटलीत परत आणते.

एक सांभाळा. मोठ्या आणि म्हाताऱ्या माशांत पारा साठतो. ‘गाइड टू ईटिंग ऑन्टारिओ फिश’मध्ये तळ्यागणिक, माशागणिक, लांबीगणिक महिन्याला किती वेळा खावं ते दिलंय. गरोदर बायका आणि मुलांसाठी वेगळा, कमी आकडा आहे. म्हणून मोठा मासा सोडून द्यायचा आणि मधला खायचा. अंडी घालणारी मोठी मादी त्यामुळे पाण्यात राहते आणि आपल्या ताटात पाराही कमी येतो. सोडायचा असेल तर ओल्या हाताने धरा, गरीचा काटा पक्कडीने आधीच दाबून घ्या.

शिशाचं वजन वापरू नका. लून पक्षी तळातून खडे टिपतो आणि त्यासोबत हे शिसं गिळतो. एका बारीक गोळीनेही मरतो. कथलाची किंवा टंगस्टनची वजनं मिळतात, थोडी महाग पडतात. रात्री त्या पक्ष्याची हाक ऐकली आहे का कुणी? पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी तंबूत उठून बसले होते. आता तिच्यासाठीच जाते म्हटलं तरी चालेल.

गोदाकाठ | ११ ऑगस्ट

परत आलो. आईबाबा, आम्ही दोघं आणि मुलगा. सडबरीच्या उत्तरेला, गाडी काठापर्यंत जाते असं स्प्लेकचं तळं. अनिवासी परवाने आधी काढले, बाबांचा आठ दिवसांचा मासेमारीचा. दोन रात्री राहिलो.

पहिल्या दिवशी काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांना पाइक लागला, माझ्या हाताएवढा लांब. त्यांनी तो पाण्यातच धरून ठेवला, त्याचे दात बघितले, मुलाला दाखवले आणि सोडला. बराच वेळ ओल्या हातांकडे बघत बसले होते. आईला सुरुवातीला उघड्यावरची सोय पटत नव्हती. दुसऱ्या सकाळी ती फावडं घेऊन एकटी गेली आणि येताना झुडपातली जुनी बिअरची डबडी पदरात घेऊन आली.

शेकोटी खडकावर केली होती, छोटीच. लाल_माती यांची पोस्ट मी बाबांना वाचून दाखवली होती. निघायच्या सकाळी सामान गाडीत भरून झालं, मी हाक मारली, तर बाबा दिसेनात. खडकावर उकिडवे बसून राखेत कोपरापर्यंत हात घातला होता. म्हणाले, ‘खालून थोडी ऊब आहे, अजून एक बादली आण.’

आणली. डिअरफ्लाय (चावऱ्या माशा) ऑगस्टातही आहेत, रुंद कडेच्या टोप्या न्या.